सामूच्या गोधडीएवढी जागा

आधीच सांगून टाकते, मी भुताखेतांच्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. या ग्रुपच्या जुन्या सभासदांना आठवत असेल, कित्येकांच्या अनुभवाखाली जाऊन मी ‘काहीही!’ एवढंच लिहून आले आहे. दुपारी चक्कीवर गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी इथलं वाचते आणि हसते. दाराला लिंबू-मिरची बांधणारे माझ्याकडेच तिखट दळायला येतात, त्यांनाही मी तोंडावर हसते. तेव्हा आता मीच लिहायला बसले आहे म्हटल्यावर तुम्ही हसलात तरी माझी ना नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा. आणि वाचताना घाबरू नका, घाबरण्यासारखं यात काही नाही. संताप येण्यासारखं आहे. मला अजून येतो.

जागा नीट सांगते. नंदुरबार शहर संपतं, रेल्वेलाइन ओलांडली की मोकळी मैदानं लागतात. हिवाळ्यात ती सगळी लालभडक असतात. आम्ही त्यांना पथारी म्हणतो. शेतातून ओली लाल मिरची येते, तिचे ढीग लागतात, मग ती मैदानभर पसरायची, दिवसभर उलथत राहायची, चांगली खुळखुळ वाजेपर्यंत सुकवायची. यातली एक पथारी माझ्या चुलतभावाची, नानाची. तिच्या एका कडेला पत्र्याच्या शेडमध्ये माझं कांडप आहे. मिरची, हळद, मसाला, सगळं दळून देते. नवरा गेल्यापासून तेच माझं घर आणि तेच माझं ऑफिस. दुसऱ्या कडेला नानाचं गोडाऊन. पक्क्या भिंती, लोखंडी शटर. आत अर्ध्याहून जास्त जागा रिकामीच असते, कारण सुकलेला माल इथे टिकतोच कुठे, ट्रक भरून बाहेर जातो.

आता नीट ऐका, कारण सगळं यावरच आहे. सुकत्या मिरचीचं हाडवैर कोणाशी असेल तर दवाशी. रात्रीचं दव लागलं की मिरची काळी पडते. म्हणून दिवस कलला की पथारीवर धावपळ सुरू होते... ताडपत्र्या ओढा, कडा दाबा, दगड ठेवा. एकही मिरची उघडी राहता कामा नये! आणि ज्यांनी हे सगळं झाकलं ती माणसं कुठे झोपतात? तिथेच. मिरचीच्या कडेला, जमिनीवर, आपापल्या गोधडीत, उघड्यावर. राखण पण झाली आणि पहाटे कामाला उशीर पण नाही. शेकोटी पेटवायची बंदी, कारण ठिणगी उडाली तर माल जाईल. गोडाऊनमध्ये झोपायची बंदी, कारण बिडी ओढतील. म्हणजे मिरचीला पांघरूण आहे, मिरचीला राखण आहे, फक्त माणसाला काही नाही. मी हे वर्षानुवर्षं बघत आले आणि नानाशी वर्षानुवर्षं भांडत आले. त्याच्या लेखी मी तोंडाळ. असेन!

गेल्या हिवाळ्यात नवापूरकडच्या डोंगरातलं एक जोडपं कामाला आलं. सामू आणि रमिला. सोबत त्यांची लहान मुलगी, अजून नीट चालतही नव्हती. ख्रिस्ती माणसं, रविवारी पथारीच्या टोकाला बसून प्रार्थना म्हणायची. सामू अंगाने किडकिडीत, पण कामाला वाघ. बोलायचा फार कमी. माझ्या शेडमध्ये पाणी प्यायला यायचा तेव्हा ठसका लागू नये म्हणून तोंडाला बांधलेलं फडकं काढायचा, घडी घालायचा, मग पाणी प्यायचा. इतका नीटनेटका माणूस.

त्या हिवाळ्यात थंडीही काय, विचारू नका. वर डोंगरात, डाब-तोरणमाळकडे, गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं. पेपरात फोटो आले, आणि आमच्या गावातली हौशी मंडळी गाड्या काढून ते बघायला गेली. “आपलं काश्मीर!” म्हणे. टीव्हीवर उत्तरेत फुटपाथवर माणसं गारठून मेल्याच्या बातम्या. ते बघत आमच्याकडची माणसं गरमागरम भरीत-भाकरी खात होती आणि ‘अरेरे’ म्हणत होती. शटरच्या बाहेर कोण झोपलंय ते मात्र कोणाला दिसत नव्हतं.

त्या आठवड्यात एका सकाळी थोडी मिरची काळी निघाली होती. ताडपत्रीची एक बाजू वाऱ्याने उडाली होती, दुसरं काही नाही. नानाने सगळ्यांसमोर सामूला धरला. काय काय बोलला ते मी इथे लिहिणार नाही. सामू खाली मान घालून उभा. नंतर नाना गेल्यावर त्याने त्या काळ्या मिरच्या एकेक वेचून बाजूला केल्या, जणू त्याच्याच अंगावरचे डाग होते.

मग तो दिवस. संध्याकाळी झाकाझाक करताना एक ताडपत्री फाटली. शेवटच्या टोकाची मिरची उघडी राहिली. मुकादम म्हणाला, राहू दे, उद्या बघू. आणि निघून गेला घरी. सामूने काय करावं? त्याने आपली गोधडी उचलली आणि त्या मिरचीवर पसरली! कडांना दगड ठेवले. बायको आणि मुलगी दुसऱ्या गोधडीत होत्या. रमिला त्याला म्हणाली, इकडे ये, तिघं मावू. तो म्हणाला, पोरगी उघडी पडेल, मला नाही वाजत थंडी. हे मला रमिलाने नंतर सांगितलं. ती हे सांगताना रडली नाही. मीच भोकाड पसरलं.

सकाळी उजाडता उजाडता तिची किंकाळी ऐकून मी शेडमधून धावले. सामू मिरचीच्या कडेला अंगाचं मुटकुळं करून पडला होता. गुडघे पोटाशी, दोन्ही हात काखेत. तोंडावर ते फडकं बांधलेलं. मी त्याच्या गालाला हात लावला आणि मला कळलं. नाना आला, मुकादम आला, गर्दी झाली. कोणीतरी गोधडी उचलून सामूवर टाकली. खालची मिरची कोरडी होती. एकही काळी पडली नव्हती.

आणि तोवर सगळ्यांचं ठरलंही होतं! तिथे उभ्या असलेल्या एकेका माणसाच्या तोंडी एकच — दारू. जास्त झाली असेल. नाना माझ्याकडे बघून म्हणाला, “दारू पीसन झोपना व्हई. आपला खान्देशमा थंडीमा कोनी मरस का?”

मरतं, नाना! मेलंय ना समोर! पण नाही. हा उन्हाचा मुलूख. मे महिन्यात कोणी चक्कर येऊन पडला तरी लगेच ‘उष्माघात’ म्हणतात, पण हिवाळ्यात माणूस लाकडासारखा कडक होऊन सापडला तर तो दारुडा. रमिला मुलीला छातीशी धरून सांगत होती, “बाय, तो नाही प्यायचा. आमच्या घरात कोणीच पीत नाही. आम्ही प्रार्थनेचे लोक.” कोण ऐकतंय! नवरा गेला तो गेला, वर त्याची बदनामी. माझ्या तोंडून त्या दिवशी ज्या शिव्या गेल्या त्या मी आयुष्यात कधी दिल्या नव्हत्या.

सामूला गावाकडे नेऊन पुरलं. काही दिवसांनी रमिला मुलीला घेऊन परत आली. गावात पीक निघून गेलं होतं, हाताला काम नव्हतं, आणखी कुठे जाईल? तिने गोधडी अंथरली ती त्याच कडेला. त्या दिवशी मी नानाच्या घरी गेले. त्याची सून पोहे घेऊन आली, मी ताटलीला हात लावला नाही.

“नाना, थंडी संपत नही तवलोंग गोडाऊन उघाड. अर्ध रिकामं शे. बाया शेतस, लेकरं शेतस.”

“मंगल, तू तुन्ही चक्की सांभाळ. मी कोणलेच आतमा झोपू देवाव नही.”

“माणूस मरी गया, नाना!”

“मन्हं गोडाऊन शे,” नाना म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

इथपर्यंत सगळं माणसांचं. आता पुढचं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी एका गिऱ्हाइकाला चांगली मिरची दाखवायची म्हणून मी पथारीच्या शेवटच्या टोकाला गेले. ऊन असं की माझ्या शेडचा पत्रा तडतडत होता. वाकून मूठभर मिरची उचलली आणि ओरडून टाकून दिली. बर्फ! फ्रीजमधल्या बर्फाच्या ट्रेला ओला हात चिकटतो ना, तसं झालं. नीट बघितलं तर तेवढीच मिरची ओलीचिंब. तिच्यावर पांढुरकं दव. बाजूची मिरची खुळखुळ वाजत होती, आणि ही ओली. एक लांबट चौकोन. कडा अगदी सरळ. माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, कारण असल्या दिशेला माझं डोकं जातच नाही. मग ते कडेचे दगड दिसले. सामूने गोधडीवर ठेवलेले दगड तिथेच होते. ती जागा त्याच्या गोधडीएवढी होती.

मी कोणाला बोलले नाही. म्हटलं, मंगल, तुझं डोकं तापलंय, पित्त झालंय. लिंबूपाणी घेतलं आणि पुन्हा जाऊन हात लावला. तेच.

संध्याकाळपर्यंत मुकादमालाही कळलं. त्याने ती मिरची तिथून काढून दुसरीकडे पसरली. तिथे ती मुकाट सुकली. आणि रिकाम्या जागी दुसरी सुकी मिरची टाकली, तर ती ओली. नाना म्हणाला, खालून पाइप फुटला असेल. खणलं. खाली पाइपच नव्हता! वीतभर खाली नुसता कोरडा फुफाटा. वर मात्र दव. मी स्वतः बघितलं, आणि बघितलेलं नाकारायची मला सवय नाही.

त्यानंतर रोज ती जागा वाढायला लागली. आधी एका गोधडीएवढी, मग दोन, मग चार. मजूर तिच्या कडेने चालायला लागले. दुपारच्या उन्हात तिथून गेलं की पायाला हुडहुडी भरायची. नाना वरवर हसायचा, पण दुपारी गाडी घेऊन यायला लागला आणि लांबूनच बघून जायला लागला.

मग त्याने केलं काय, तर भगत आणला. कोंबडी, नारळ, गुलाल, सगळा बाजार. लाज वाटत नाही माणसाला! माणूस मेला तेव्हा एक ताडपत्री निघाली नाही, आणि आता नारळांची रास. रमिलाला पुढे बोलावलं, तुझा नवरा आहे, तू हात लाव म्हणून. ती मुलीला कडेवर घेऊन आली. तिने त्या सगळ्या सामानाकडे बघितलं.

“आम्ही हे करत नाही,” ती म्हणाली.

“अगं पण तो जायला नको का?” मुकादम म्हणाला.

“त्याला थंडी लागते. नारळाने थंडी जाते का?”

एवढंच बोलली आणि देठ खुडायला जाऊन बसली. भगतानेसुद्धा तोंडातला मंत्र गिळला. खोटं कशाला बोलू, मनातून मला असा आनंद झाला की नाचावंसं वाटलं. बोल की आता, नाना! दे उत्तर!

नाना गाडीत जाऊन बसला. नारळ तसेच पडून राहिले.

त्याच्या दुसऱ्याच सकाळी पथारीवर बोंब उठली. सूर्य वर आला होता. मजुरांनी ताडपत्र्या काढल्या आणि सगळे जागच्या जागी थांबले. अख्ख्या पथारीवर पांढरं. ताडपत्र्यांच्या खाली! वरून त्या कोरड्या ठणठणीत आणि खालची मिरची भिजलेली, दवाने पांढरी. शेजारच्या दोन्ही पथाऱ्या कोरड्या. मध्ये फक्त एक बांध, आणि बांधाच्या पलीकडे लालबुंद सुकी मिरची. शेजारचे मालक येऊन बघून गेले.

नाना धापा टाकत आला. भिजलेल्या मालाचं काही करता येण्यासारखं नव्हतं, पण एका कोपऱ्यात सुकून तयार झालेले ढीग होते आणि दव तिकडे सरकत होतं. डोळ्यांदेखत, हो! उन्हात! नाना ओरडला, सुका माल गोडाऊनमध्ये टाका, पळा! आणि मंडळी, मी ज्या शटरसाठी घसा कोरडा केला होता ते त्याने एका झटक्यात वर ढकललं. सामू गेला तेव्हा नाही उघडलं. बाया-लेकरांसाठी नाही उघडलं. मिरची भिजली तेव्हा उघडलं.

माझं डोकंच फिरलं. मी गेले आणि शटरच्या मधोमध उंबऱ्यावर मांडी घालून बसले.

“मंगल, दूर सरक! बठ्ठा माल काया पडी जाई!”

“पडू दे. पहिले माणसं आतमा जातीन, मंग तुन्ही मिरची.”

“येडी व्हयनी का तू?”

“व्हयनी.”

नानाने मजुरांकडे बघितलं. म्हणाला, उचला हिला. रमिलाने डोक्यावरची मिरचीची पाटी खाली ठेवली. मग तिच्या शेजारच्या बाईने ठेवली. मग एकेक करत सगळ्यांनी. कोणी घोषणा दिली नाही, कोणी भांडलं नाही. पाट्या खाली ठेवून सगळे उभे राहिले. आणि दव ढिगाच्या पायथ्याशी लागलं होतं. मला ते बसल्या जागेवरून दिसत होतं.

नानाने ढिगाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा ढिगाकडे.

“जाय मंग,” तो म्हणाला. “झोपू दे त्यास्ले. थंडी संपस तवलोंग.”

आधी गोधड्या आत गेल्या. मी मोजून, बघून, प्रत्येकाचं बोचकं भिंतीला लागल्यावरच उठले. मग ते लोक मिरचीकडे धावले, आणि अर्धा-अधिक सुका माल त्यांनी वाचवलाही. हो, वाचवला. नानाचाच. मी त्यांच्या जागी असते तर वाचवला नसता.

पुढच्या सकाळी पथारी कोरडी होती. ती शेवटच्या टोकाची जागासुद्धा. मी जाऊन हात टेकवला. ऊन पडलेली साधी गरम माती. काळी पडलेली मिरचीसुद्धा वाजत होती.

तिथून मी गोडाऊनमध्ये गेले. मंडळी कामाला बाहेर पडली होती, रमिला तेवढी मुलीला आवरत होती. भिंतीशी ओळीने गोधड्या होत्या. रमिलाच्या गोधडीच्या बाहेरच्या बाजूला, दाराकडे, एका माणसाची जागा सोडलेली होती. नुसती फरशी. तिथे काही अंथरलेलं नव्हतं.

“इथे कोण झोपतं?” मी विचारलं.

“कोणी नाही. सवय आहे बाय, तिकडून तो असायचा.”

का कोण जाणे, मी वाकून फरशीला हात लावला. नंदुरबारमधली थंडीतली सकाळची फरशी कशी असते ते इथल्यांना ठाऊक आहे, पाय ठेववत नाही. आजूबाजूची तशीच होती. तेवढी जागा उबदार होती. कोणी आत्ताच उठून गेल्यासारखी. मी रमिलाकडे बघितलं. तिने मुलीचं नाक पुसलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. तिला आधीच माहीत होतं.

आता तुम्ही विचाराल, याचा अर्थ काय. मला माहीत नाही! शेतकी खात्यातला एक शिकलेला माणूस ओळखीचा आहे, त्याला विचारलं. तो जमिनीतल्या ओलाव्याबद्दल, ताडपत्रीखालच्या वाफेबद्दल खूप बोलला. मग मी शेजारच्या कोरड्या पथाऱ्यांचं विचारलं तर काम आहे म्हणून उठून गेला. माझ्याकडे आजही उत्तर नाही आणि मी ते बनवून सांगणार नाही. गावात मात्र एक उत्तर तयार आहे. ‘नानांचं मन मोठं, मजुरांना स्वतःचं गोडाऊन दिलं.’ लग्नाकार्यात लोक त्याचं कौतुक करतात आणि तो हात जोडतो. तेव्हा मला उठून बाहेर जावं लागतं. सामूचं नाव घेतलं तर अजूनही तेच, बिचारा, दारूने गेला. दारूने नाही गेला तो. थंडीने गेला. आणि तुमची मिरची झाकून गेला. कुठेतरी हे लिहिलेलं असावं म्हणून हा सगळा खटाटोप.

सीझन संपला तसं नानाने गोडाऊनला पुन्हा कुलूप लावलं. यंदाची मिरची यायला लागली आहे. रमिला परत आली, मुलगी आता दुडूदुडू पळते. परवापासून थंडीही पडायला लागली. नानाला आठवण करून दिली तर म्हणाला, बघू, यंदा तेवढी थंडी नही.

काल दुपारी मी त्याला हाताला धरून पथारीच्या शेवटच्या टोकाला नेलं. तिथे अजून मिरची पसरलेली नाही, नुसतं मैदान आहे. आजूबाजूला उन्हाने माती भाजत होती. मी त्याला म्हटलं, हात लाव. तो नको नको म्हणत होता, शेवटी वाकला. हात लावला आणि झटकन मागे घेतला. धोतराला पुसत राहिला. कडेचे ते दगड अजून तिथेच आहेत.

“पाइप फुटना व्हई,” नाना म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

“व्हई, नाना,” मी म्हटलं आणि हात पुढे केला. “चावी दे.”

दिली. माझ्या चक्कीच्या चाव्यांच्या जुडग्यात आहे आता. आज सकाळी गोधड्या आत गेल्या.